डॉ. तारा लांजेवार यांना मिळालेला चार्ज

भिलाईत हायवेला लागून एका ट्रस्टचं इस्पितळ आहे. एमबीबीएस झालेली मुलं तिथं तीन वर्षं राहून भूलतज्ज्ञ होतात. दर वर्षी दोन जागा, म्हणजे एका वेळी सहा मुलं. या सहांची प्रशिक्षणप्रमुख तारा लांजेवार, वय चोपन्न. चौदा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी तेव्हाचे प्रमुख डॉ. दौलतराव राहांगडाले यांचा फोन वाजला. ते म्हणाले, "तारा, पाच मिनिटं इथं बस. फोन घेऊन येतो." तारा बसली. फोन मस्कतचा होता. सर तिकडेच गेले.

दुसरं कोणी असतं तर अर्ध्या तासानं उठून गेलं असतं. पण तारा ही मारोतराव गिऱ्हेपुंजे यांची मुलगी. मारोतरावांनी भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर छत्तीस वर्षं काढली होती आणि तिथला एकच नियम ते घरी घेऊन आले होते: रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पाळी संपली म्हणजे माणूस मोकळा झाला असं नाही. त्याच्या जागी दुसरा येऊन उभा राहिला, रजिस्टरात त्याची सही झाली, की मोकळा. ताराच्या बारशाला ते पोहोचले नाहीत, कारण त्यांचा रिलिव्हर तुमसरला लग्नाला गेला होता. मुलीचं नाव त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

ते आता चौऱ्याऐंशीचे होते आणि जुनवानीला ताराच्याच घरी राहत होते. गॅसवर दूध ठेवून कोणी दाराची बेल बघायला गेलं की आतून आवाज यायचा, "रिलिव्हर कोण हाय?" ताराचे यजमान धनंजय बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते, पण त्यांनाही भाजी परतताना आंघोळीला जाता येत नसे.

तर तारा बसली, आणि बसल्या बसल्या काम समोर येत गेलं. कागदांवर खाली 'प्रशिक्षणप्रमुख' आणि दौलतरावांचं नाव छापलेलं असायचं. तारा नावाच्या वर लहान अक्षरात 'करिता' लिहून सही करायची. चौदा वर्षांत सत्तावीस मुलं तिच्या हाताखालून गेली. कोणी रायपूरला आहे, कोणी कोरब्याला, एक कॅनडात. सत्तावीस प्रबंधांवर 'करिता' आहे.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं, पण एका सोमवारी दिल्लीच्या बोर्डाची मेल आली. गुरुवारी तपासणी. आणि यंदा एक नवा फॉर्म: 'प्रशिक्षणप्रमुखाची पार्श्वभूमी व वाटचाल.' नमुन्यादाखल दुसरीकडच्या एका प्रमुखांनी भरलेला फॉर्म सोबत जोडला होता. ते एडिनबर्गला गेले होते, मग सिंगापूरला, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना कोणीतरी प्रेरणा दिली होती.

ताराची वाटचाल ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकापासून खुर्चीपर्यंत नऊ पावलं होती.

कॉम्प्युटरसमोर भूमिका नावाची विद्यार्थिनी बसली होती. भूमिका साहू, तिसऱ्या वर्षाची, दुर्गची. दोन वर्षांचा मुलगा आईकडे ठेवून शिकत होती. तिनं वाचलं, "मैडम, 'नेतृत्व के लिए आपने स्वयं को कैसे तैयार किया?' क्या लिखूँ?"

"लिख, कुर्सी पर गद्दी रखवाई."

"मैडम, सौ शब्द चाहिए."

"तो लिख, दो बार रखवाई."

शेवटचा रकाना होता: नेमणुकीच्या आदेशाची प्रत जोडा. खाली ठळक अक्षरात, आदेश नसल्यास अभ्यासक्रमाची मान्यता संपेल आणि शिकत असलेल्या उमेदवारांना जागा असेल तिथं पाठवलं जाईल. जागा असेल तिथं म्हणजे कुठं, ते मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवरून माहीत होतं. असाच एक कोर्स बंद झाला तेव्हा एकाला पार ईशान्येकडचं सिलचर मिळालं होतं. भूमिकानं त्याच कॉम्प्युटरवर दुसरी खिडकी उघडून दुर्ग ते सिलचर अंतर काढलं आणि ती खिडकी बंद करायला विसरली. तारानं ते पाहिलं. ती आदेश शोधायला ऑफिसात गेली.

ऑफिसात गीतांजली टेंभरे होती. तिनं फाईल आधीच काढून ठेवली होती.

"मॅडम, तुमचा आदेश नाही."

"मग आज काढा."

"कसा काढू? पोस्ट खाली कुठे आहे? तिथं राहांगडाले सर आहेत."

"ते मस्कतला गेले, गीतांजली. चौदा वर्षं झाली."

"राजीनामा त्यांनी भूलतज्ज्ञ म्हणून दिला. प्रमुख म्हणून दिलाच नाही ना. रेकॉर्डप्रमाणे सर अजून फोनवर आहेत." गीतांजलीनं फाईल बंद केली. ती दुष्ट नव्हती. तिला रेकॉर्डमध्ये काय आहे तेच दिसत होतं. "त्यांनी तुम्हाला चार्ज दिल्याचा कागद आणा. बस, उतनाही चाहिए. मग मी ट्रस्टींची सही आणते."

घरी तारानं हे सांगितलं तेव्हा मारोतराव वरणात भात कालवत होते. ते थांबले.

"म्हंजे चौदा वर्सं तू चार्ज न घेता मशीन चालवून राहिली?"

"तुम्हीच म्हणायचे ना बाबा, जागा सोडायची नाही."

"सोडाची नाही म्हटलं. रजिस्टरात सही घ्याची नाही असं कवा म्हटलं मी?" त्यांनी जावयाकडे पाहिलं. "पाहा जावईबापू. डाक्टर झाली, पण हजेरी मांडता नाही आली."

धनंजय म्हणाले, "मामाजी, भात थंड होऊन राहिला."

मारोतरावांनी संध्याकाळीच एक लांब रजिस्टर आणवलं. पट्टी घेऊन रकाने आखले: कोणी दिला, कोणी घेतला, मशीन चालू की बंद, शेरा. मंगळवारी सकाळी रजिस्टर काखेत धरून ते गाडीत मागे बसले. त्यांना येऊ नका म्हणणं शक्य नव्हतं. चार्ज घेताना साक्षीदार लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

दौलतराव मस्कतहून परतून नेहरू नगरला दुसऱ्या मजल्यावर राहत होते. दार त्यांच्या बायकोनं, सिंधुताईंनी उघडलं. दौलतराव आतून लुंगी सावरत आले आणि ताराला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, तारा. उठलीस का मग?"

"नाही सर. तेच सांगायला आले."

तिनं सगळं सांगितलं. सिंधुताई पोह्यांच्या बशा ठेवत ऐकत होत्या. "पाच मिनिटं म्हणाले होते का हे तुले?" त्या म्हणाल्या. "तुले तरी आकडा सांगतला. आमाले तं नुसतं येतोच म्हणून जातात."

"सही करतो की," दौलतराव म्हणाले. "दोन करतो." त्यांनी पेन उचललं, रजिस्टरातला पहिला रकाना वाचला आणि पेन खाली ठेवलं. "पण तारा, एक गोष्ट आहे. मलाही कोणी दिला नव्हता."

मारोतरावांनी चष्मा काढला.

झालं असं होतं की स्ट्रेचरची चाकं वाजतात म्हणून तक्रार करायला दौलतराव एकदा ऑफिसात गेले होते. प्रशिक्षणाच्या टेबलाशी श्यामराव कापगते नावाचे क्लार्क बसायचे. ते म्हणाले, सर, बसा, मी स्टोरकीपरला शोधून आणतो. दौलतराव बसले. तेवढ्यात दोन विद्यार्थी आले, त्यांना रजा हवी होती. दौलतरावांनी दिली. मग कोणीतरी चहा आणला.

"मग श्यामराव परत आले नाहीत?"

"आले असतील. मी फोनवर होतो."

"पण तुमच्या आधी प्रमुख कोण होतं?"

दौलतरावांनी पोहे संपवले. "तेच," ते म्हणाले. "श्यामरावच."

ताराला वाटलं सही तरी घेऊन निघावं. पण मारोतरावांनी रजिस्टर मिटलं. "ज्याच्याकडे चार्ज नाही तो देईन काय? मधूनच सही घेतली तं लाईन तुटते. पहिल्या माणसापासून या लागते." दौलतरावांनी मान डोलावली. त्यांना हे पटलं, आणि आपल्याला आत्ता सही करावी लागणार नाही हेही.

बुधवारी तारा आणि मारोतराव खुर्सीपारला गेले. श्यामराव एकोणऐंशी वर्षांचे होते. सायकलच्या ट्यूब आणि शाळेच्या वह्या असं त्यांचं दुकान होतं. शर्टाला इस्त्री होती, खिशात दोन पेनं. त्यांच्या मागे भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, एक पत्र काचेत लावलेलं होतं. बोर्डाचं, बावीस वर्षांपूर्वीचं, गोल शिक्क्यासह. डॉ. एस. कापगते यांना भूलशास्त्र प्रशिक्षणाचे प्रमुख म्हणून मान्यता देण्यात येत आहे.

"डाक्टर त्याइनं लावलं," श्यामराव म्हणाले. "मी नाही लावलं. मी मॅट्रिक आहो, फॉर्मात तसंच लिहिलं होतं."

"पण तुमचं नाव कसं काय गेलं?"

"रकाना होता ना, मॅडम. प्रमुखाचं नाव. राज्य नवीन, कोर्स नवीन, फॉर्म जाची शेवटची तारीख. पाच डाक्टरकडं गेलो. एक म्हणे दुसऱ्याले विचार, दुसरा म्हणे तिसऱ्याले. पाचवा म्हणे, श्यामराव, सध्या तुमचंच टाकून ठेवा. रकाना खाली ठेवला तं फॉर्म वापस येते. टाकलं."

"पेन्सिलनं?" मारोतरावांनी विचारलं.

"पेननं. ऑफिसात पेन्सिल चालत नाही."

"बराबर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तारा स्टुलावर बसली होती आणि आपण इथं दिसत नाही आहोत असं तिला वाटायला लागलं.

आठ महिने श्यामराव प्रमुख होते. पहिल्या तुकडीची दोन मुलं. भूल कशी द्यायची ते त्यांना डॉक्टर शिकवायचे, जमेल तसं. बाकीचं श्यामराव बघायचे. कोणत्या मुलानं आज भूल देताना किती जणांच्या घशात नळी घातली ते वहीत लिहायचे, आणि एकाची संख्या मागे पडली की सर्जनच्या दारात जाऊन उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत, वही उघडी धरायचे. पुढे ती दोन्ही मुलं पहिल्या फेरीत पास झाली.

"मग राहांगडाले सरांना कसं दिलं तुम्ही?"

"दिलं नाही. मी स्टोरकीपरला घेऊन वापस आलो तं सर खुर्चीत होते. शोभून राहिले होते. मले वाटलं, आता डाक्टर भेटला. मी परचेसमधी गेलो."

मारोतरावांनी रजिस्टर काउंटरवर उघडलं. "लिहा मग. तुम्ही दिला, त्याइनं घेतला. मग त्याइनं दिला, हिनं घेतला."

श्यामरावांनी पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही. ताराकडे वळले. "मॅडम, राग मानू नका. असाच कसा देऊ? पोट्टे कसे हायेत?"

"चांगले आहेत."

"उपाशी राहतेत का?"

"कधी कधी."

"कधी कधी म्हंजे?"

ताराला विचार करावा लागला. "बुधवारी. ऑर्थोच्या ऑपरेशनांची यादी लांब असते."

"आज बुधवार हाय," श्यामराव म्हणाले, आणि काउंटरवरच्या शाळेच्या वहीत काहीतरी टिपून घेतलं. "पोरगं चुकलं तं बोलता?"

"बोलावं लागतं."

"पेशंटसमोर?"

"छे. पेशंट तर झोपलेला असतो."

"सर्जनसमोर?"

तारा काउंटरवरच्या वह्या सरळ करू लागली. मागच्याच आठवड्यात अंकुर नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला ती सगळ्या थिएटरसमोर बोलली होती. नंतर तो औषधांच्या कपाटाशी उभा राहून बराच वेळ लेबलं वाचत होता. चौदा वर्षांत ट्रस्टनं, बोर्डानं, कोणीच तिला हे विचारलं नव्हतं. बोर्ड दर वर्षी लायब्ररीत किती खुर्च्या आहेत ते विचारायचं.

"सर्जनसमोर बोलता तुम्ही," श्यामराव म्हणाले, आणि तेही टिपलं.

"मग? देणार नाही का?" तिचा आवाज तिलाच लहान मुलीसारखा वाटला. "सहा मुलं आहेत. एकीचं लेकरू दुर्गला आहे."

"देतो ना. पण दुकानात नाही. मशीन पाहून देतो. उद्या येतो मी, अकरा वाजता."

"उद्या तपासणी आहे."

"मग तं चालूच असन," श्यामराव म्हणाले. मारोतराव इतके खूश झाले की येताना त्यांनी गरज नसताना सायकलची एक ट्यूब विकत घेतली.

गुरुवारी बोर्डाचे तपासनीस आले. डॉ. पराग केळापुरे, मूळ पुण्याचे, हातात टॅबलेट, साडेतीनला दुर्गहून गाडी. त्यांना वाटलं होतं एक डॉक्टर भेटेल. टेबलापलीकडे तारा होती, तिच्या डाव्या हाताला इस्त्रीचा शर्ट घातलेले श्यामराव, उजव्या हाताला दौलतराव, आणि दाराशी रजिस्टर धरून मारोतराव. श्यामराव सकाळीच दोन्ही थिएटरं काचेतून पाहून आले होते. त्यांनी काचेतलं पत्र फ्रेमसकट आणलं होतं.

डॉ. केळापुरे यांनी विचारलं, "यातले प्रमुख कोण?"

"तेच ठरून राहिलं," मारोतराव म्हणाले.

तारानं सुरुवातीपासून सांगितलं. डॉ. केळापुरे यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही, फक्त टॅबलेट हळूहळू मांडीवर ठेवला. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, म्हणजे तुमची नेमणूक नाही. सरांचीही नाही. आणि हे गृहस्थ क्लार्क आहेत."

"माझी आहे," श्यामरावांनी फ्रेम पुढे सरकवली. "तुमच्याच ऑफिसनं केली."

पत्र खरं होतं. शिक्का खरा होता, सहीही कोणाची ते डॉ. केळापुरे ओळखत होते. या इस्पितळात नेमणुकीचा असा हा एकच कागद होता. तो खोटा म्हणावा तर बोर्डानं बावीस वर्षांपूर्वी मॅट्रिक झालेल्या क्लार्कला डॉक्टर केलं असं लिहून द्यावं लागणार. खरा म्हणावा तर श्यामराव प्रमुख होते, त्यांना चार्ज देण्याचा अधिकार होता आणि पुढचं सगळं नीट होतं. डॉ. केळापुरे बाहेर जाऊन दिल्लीशी बोलले. दार उघडंच होतं.

"हो सर, पत्र आपलंच. हो, शिक्का आहे. नाही सर, डॉक्टर नाहीत ते. क्लार्क. हो, पण आपण लिहिलंय डॉक्टर." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. आत येऊन म्हणाले, "दिल्लीचं म्हणणं आहे, आपलं पत्र चुकीचं असू शकत नाही."

ताराचे हात टेबलाखाली होते.

"पण टॅबलेटमध्ये पहिल्या प्रमुखाची पदवी भरावी लागेल. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"मॅट्रिक. दुसरा वर्ग," श्यामराव म्हणाले.

"ते यादीत नाहीये हो. एमडी आहे, डीए आहे..."

"मग एमडी टाका," दौलतराव म्हणाले. "कोण बघतंय."

"टाकाचं नाही," श्यामराव म्हणाले. "मी तेव्हाही खोटं लिहिलं नव्हतं."

डॉ. केळापुरे यांनी यादी खालपर्यंत सरकवली. सगळ्यात शेवटी 'इतर' होतं. त्यांनी बोट ठेवलं. हिरवी खूण आली आणि पुढचं पान उघडलं.

मग रजिस्टर टेबलावर आलं. श्यामरावांनी सुवाच्य अक्षरात, एकही अक्षर न जोडता लिहिलं की चार्ज दिला. दौलतरावांनी घेतला, आणि खालच्या ओळीत दिला. शेऱ्याच्या रकान्यात श्यामरावांनी लिहिलं: मशीन चालू हालतीत. बुधवारचं जेवण नाही. बोलणं सर्जनसमोर होते. डॉ. केळापुरे ते वाचत होते. तारानं त्याखाली पूर्ण नाव लिहून सही केली; आता गीतांजलीला आदेश काढता येणार होता. शेरा खोडा असं तिनं म्हटलं नाही.

"हे अहवालात घालावं लागेल मला," डॉ. केळापुरे म्हणाले.

"घाला," तारा म्हणाली.

"साहेब, तुमची नेमणूक कशी झाली?" श्यामरावांनी सहज विचारलं.

डॉ. केळापुरे टॅबलेट पिशवीत घालत होते. "आमच्या सरांना सायटिका होता, खुर्चीत बसवत नव्हतं," ते म्हणाले. दारापर्यंत गेल्यावर ते ताराकडे वळले. "जागा राहतील मॅडम. मुलं इथंच राहतील. पत्र येईल, पण तोंडी सांगून ठेवतो."

भूमिका बाहेर भिंतीला टेकून उभी होती. बाकीचे पाचही थिएटरमध्ये होते, त्यांना सांगायला तिला वेळ लागणार होता. तिनं आधी दुर्गला फोन लावला. आईनं उचलला तेव्हा मागे मुलगा कशासाठी तरी रडत होता.

"दाई, सिलचर नइ जाना परे." आई, सिलचरला जावं लागणार नाही.

"कइसे होइस?"

भूमिकानं दारातून आत पाहिलं. इस्त्रीच्या शर्टातले एक म्हातारे गृहस्थ वाकून रजिस्टरावर फुंकर घालत होते, शाई वाळावी म्हणून.

"एक झन बाबू रिहिस, रिटायर. ओकर नाव ले होगे." ऑफिसातला एक निवृत्त बाबू होता, त्याच्या नावानं झालं.

आईला काही क्षण हे समजेना. "अउ डाक्टर मन ले नइ होइस?" तिनं विचारलं. एवढे डॉक्टर आहेत तिथं, त्यांच्याकडून नाही झालं?

"नइ होइस, दाई," भूमिका म्हणाली. "बाबू ला फोन दे थोरकिन," असं म्हणून तिनं मुलाला फोनवर मागितलं आणि तो का रडतोय ते त्याच्याच तोंडून ऐकत राहिली.